‘नंबर एक’ म्हणजे नक्की किती? फेड कट, हातगुण आणि मेथड सेक्शन



पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारे बरेच जण विचारतात, की रिसर्च पेपरमधला मेथडचा भाग वाचायचा कसा? तो इतका रटाळ असतो की सगळे थेट आकृत्यांवर उडी मारतात. खरं सांगायचं तर मीही तेच करायचो. या प्रश्नाचं उत्तर मला प्रयोगशाळेपेक्षा सलूनच्या खुर्चीत बसून जास्त नीट देता येईल असं वाटतं, म्हणून आजचा विषय फेड कट. हसू नका, गणित पण आहे.

तर झालं असं. गेल्या वर्षी माझ्या प्रगती अहवालाचं सादरीकरण मंगळवारी होतं आणि मला केस कापायचं आठवलं सोमवारी. आमच्याकडे सोमवारी बहुतेक सलून बंद. नेहमीच्या दादांचंही बंद होतं, म्हणून एका उघड्या असलेल्या नव्या सलूनमध्ये गेलो. मोबाइलवर नेहमीचाच फोटो दाखवला, नेहमीचेच शब्द वापरले, "मिड फेड करा, साइडला झिरो." वीस मिनिटांनी आरशात पाहिलं तर कानशिलाच्या वरपर्यंत सगळं साफ. दुसऱ्या दिवशी समितीसमोर उभा राहिलो तेव्हा गाइडनी हळूच विचारलं, "काय रे, भरतीला चाललास का?"

चिडून नेहमीच्या दादांना डोकं दाखवलं, तर ते म्हणाले, "त्यानं चूक नाही केली. तुम्ही सांगितलंत तेच केलंय." आणि हे अगदी खरं होतं. शब्द तेच, फोटो तोच, आणि दोन्ही कारागीर आपापल्या जागी बरोबर. मग डोकी दोन वेगळी का झाली?

आधी फेड म्हणजे काय ते बघू. खाली मानेपाशी आणि कानापाशी केस जवळजवळ शून्य, आणि वर जाताना ते हळूहळू लांब होत जातात. हा बदल इतका सलग असला पाहिजे की कुठेही पट्टा दिसता कामा नये. सलूनच्या भाषेत, "लाइन दिसली नाही पाहिजे." अमेरिकी सैन्यातल्या आखूड कटिंगमध्ये आणि तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या सलूनमध्ये ही पद्धत घडत गेली. 1980 च्या दशकात हिप-हॉपच्या कलाकारांमुळे वर उंच सपाट केस आणि बाजूला फेड असा हाय-टॉप फेड गाजला. आपल्याकडे खेळाडू आणि मोबाइलवरचे व्हिडिओ यांच्यामार्फत तो आला, आणि आता तालुक्याच्या गावातल्या सलूनच्या भिंतीवरही त्याचं पोस्टर असतं.

आता त्या पोस्टरवरची नावं आठवा. लो फेड, मिड फेड, हाय फेड, स्किन फेड, ड्रॉप फेड, बर्स्ट फेड, टेपर, अंडरकट. आपल्याला वाटतं हे सगळे एकाच यादीतले प्रकार आहेत, जसे आंब्याचे हापूस, पायरी, केशर. पण नीट पाहिलं तर तसं नाही. लो, मिड आणि हाय हे शब्द फक्त एवढंच सांगतात की बारीक केसांचा भाग किती उंचीवर संपतो: कानाच्या जरा वर, कानशिलाच्या मध्यावर, की थेट कवटी वळते तिथपर्यंत. स्किन हा शब्द उंचीबद्दल काहीच सांगत नाही, तो सांगतो की सगळ्यात खालची लांबी किती, म्हणजे कातडी दिसेपर्यंत. ड्रॉप आणि बर्स्ट आकाराबद्दल बोलतात: ड्रॉपमध्ये सीमारेषा कानामागून खाली उतरते, बर्स्टमध्ये ती कानाभोवती अर्धवर्तुळ करते. टेपरमध्ये फक्त कल्ले आणि मानेवरची कड उतरती करतात, बाजू तशीच राहते. आणि अंडरकट तर फेडच नव्हे. तिथे वरचे लांब केस आणि खालचे बारीक केस यांच्यात मुद्दाम तोडलेली पायरी असते.

म्हणजे इथे किमान चार चलं आहेत. उतार कुठे संपतो, किती लांबीपासून किती लांबीपर्यंत जातो, किती अंतरात जातो, आणि सीमारेषेचा आकार कसा. मी "मिड फेड, साइडला झिरो" म्हणालो तेव्हा चारपैकी दीडच चल सांगितलं होतं. तेही धूसर, कारण ‘मिड’ कुठल्या दोन टोकांच्या मधलं? उरलेली अडीच चलं त्या माणसानं आपल्या सवयीनं भरली. नेहमीचे दादा ती त्यांच्या सवयीनं भरतात, आणि मला त्यांची सवय झाली आहे म्हणून मला वाटत होतं की मी सगळं सांगतो.

बरं, निदान ‘झिरो’ आणि ‘नंबर एक’ हे तरी पक्के आकडे असतील ना? बघू.

मशीनला जो प्लास्टिकचा कंगवा लावतात त्यावर नंबर असतो. ही पद्धत इंचावर बेतलेली आहे: प्रत्येक नंबर म्हणजे इंचाचा आठवा भाग. एक नंबर म्हणजे साधारण 3 मिलिमीटर, दोन म्हणजे 6, तीन म्हणजे 10, चार म्हणजे 13, आठ म्हणजे 25. मधले अर्धा आणि दीड नंबरही असतात, 1.5 आणि 4.5 मिलिमीटरचे. पण घरी दाढीसाठी जे ट्रिमर मिळतात त्यातल्या बऱ्याच जणांवर आकडा थेट मिलिमीटरमध्ये असतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या भावानं माझे केस घरी कापले तेव्हा मी त्याला म्हणालो, "सलूनमध्ये तीन लावतात, तीन लाव." त्यानं लावला. मला 10 मिलिमीटर हवे होते, मिळाले 3. एककं न लिहिल्यानं होणाऱ्या चुकांवर मी नंतर कितीतरी व्याख्यानं ऐकली, पण आरशासमोर जे शिकलो ते जास्त पक्कं बसलंय.

बरं, एकक पक्कं केलं तरी भागत नाही. तोच एक नंबरचा कंगवा केसांच्या दिशेच्या उलट फिरवला तर केस उभे राहून कापले जातात आणि आखूड होतात. सुलट फिरवला तर केस दबतात, पात्याखालून निसटतात आणि लांब राहतात. भोवऱ्यापाशी तर दिशाच गोल फिरते, त्यामुळे तिथे एकाच फेरीत अर्धे केस उलटे आणि अर्धे सुलटे कापले जातात. शिवाय मशीनच्या बाजूला एक लिव्हर असते. ती उघडली की पातं मागे सरकतं आणि केस थोडे लांब राहतात. म्हणजे ‘झिरो’सुद्धा दोन आहेत, लिव्हर बंद असतानाचा आणि उघडी असतानाचा. ‘नंबर एक’ हा आकडा दिसतो, पण खरं तर ती एक कृती आहे, आणि कृती पूर्ण सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. भौतिकशास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांनी 1927 मध्ये नेमकी हीच गोष्ट लांबीबद्दल मांडली होती. एखाद्या संकल्पनेचा अर्थ ती मोजण्याच्या कृतीत असतो, असा त्यांचा आग्रह. संशोधन पद्धतीच्या पेपरला ‘ऑपरेशनल डेफिनिशन’ म्हणून जे पाठ करता ना, ते हेच.

आता गणित. दादांना मी एकदा विचारलं होतं की फेडमध्ये सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो? ते क्षणभरही न थांबता म्हणाले, "झिरो आणि एकच्या मधे. वर तीन-चारचं काय, कसंही मिसळतं." मला हे गमतीशीर वाटलं. झिरो ते एक हा फरक 3 मिलिमीटरचा आणि तीन ते चार हाही 3 मिलिमीटरचाच. मग एक इतका अवघड आणि दुसरा इतका सोपा का?

आपण डोळ्यांनी केसांची लांबी बघतच नाही. आपण बघतो कातडीचा किती भाग झाकला गेलाय. समजा एका चौरस सेंटीमीटरमध्ये 150 केस आहेत आणि प्रत्येक केस 0.08 मिलिमीटर जाड आहे. दोन्ही आकडे ढोबळ, पण वास्तवाला सोडून नाहीत. आणखी एक समजूत करून घेऊ की केस आडवेतिडवे, कसेही पडलेत. 3 मिलिमीटरचा एक केस 3 गुणिले 0.08, म्हणजे 0.24 चौरस मिलिमीटर झाकतो. असे 150 केस मिळून 36 चौरस मिलिमीटर. एक चौरस सेंटीमीटर म्हणजे 100 चौरस मिलिमीटर, तेव्हा 36 टक्के झाकलं गेलं. पण थांबा, काही केस एकमेकांवर पडतील.

इथे पहिला पाऊस आठवा. कोरड्या अंगणात पहिले थेंब पडतात तेव्हा प्रत्येक थेंब नवी जागा ओली करतो. अर्धं अंगण ओलं झाल्यावर निम्मे थेंब आधीच ओल्या जागेवर पडून वाया जातात. शेवटचे कोरडे ठिपके जाता जात नाहीत. गणितात हे घातांकी रूपात येतं: झाकलेला भाग म्हणजे 1 वजा ‘ई’चा घात, आणि घातांक म्हणजे उणे 0.12 गुणिले लांबी मिलिमीटरमध्ये. बीएस्सीला बिअर-लँबर्ट नियम शिकला असाल तर हा त्याचा चुलतभाऊ.

आकडे टाकून बघा. शून्यावर 0 टक्के. अर्ध्या नंबरला साधारण 16. एक नंबरला 30. दोनला 51, तीनला 70, चारला 79. आठ नंबरला 95. आता दादांचं वाक्य परत वाचा. झिरो ते एक या 3 मिलिमीटरमध्ये झाकलेला भाग 30 टक्क्यांनी बदलतो. तीन ते चार या 3 मिलिमीटरमध्ये फक्त 9 टक्क्यांनी. म्हणून खालची लाइन डोळ्यात खुपते आणि वरची आपोआप विरघळते. म्हणूनच अर्धा नंबर अस्तित्वात आहे, साडेसात नंबर कुणी मागत नाही. आणि म्हणूनच झिरो-एकच्या मधल्या पट्ट्यात दादा लिव्हर थोडी थोडी उघडत, पात्याच्या कोपऱ्यानं, हात बाहेरच्या बाजूला उचलत काम करतात. हात उचलला की पातं डोक्यापासून हळूहळू दूर जातं आणि लांबी सलग वाढते.

याच गणितातून आणखी एक उत्तर निघतं. फेड दहा दिवसांत ‘उतरतो’ का? डोक्यावरचे केस दिवसाला साधारण 0.35 मिलिमीटर वाढतात, म्हणजे दहा दिवसांत साडेतीन. वाढ सगळीकडे सारखीच, त्यामुळे लांबीतला फरक तोच राहतो: खाली 0 चे 3.5 झाले, वर 10 चे 13.5. पण झाकलेला भाग बघा. आधी खाली 0 आणि वर 70 टक्के होता. आता खाली 34 आणि वर 80. फरक 70 वरून 46 वर आला. फेड मिलिमीटरमध्ये जसाच्या तसा आहे, आपल्या डोळ्यांसाठी मात्र त्यातला तिसरा हिस्सा गेला. लग्नाच्या फोटोसाठी दोन आठवडे आधी फेड करून ठेवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

हे मॉडेल खोटं आहे, हेही आत्ताच सांगतो. आखूड केस आडवे पडत नाहीत, उभे राहतात, आणि बघण्याच्या कोनानुसार झाकलेला भाग बदलतो. केस कसेही विखुरलेले नसतात, ते मुळाशी दोन-दोन, तीन-तीनच्या झुबक्यात उगवतात. डोक्यामागचं हाड जिथे पुढे येतं तिथे मशीन टेकण्याचा कोनच बदलतो. मुलाखतीत मॉडेलबद्दल विचारलं की विद्यार्थी त्याचा बचाव करायला लागतात. तसं करू नका. मॉडेल कुठे मोडतं ते आधी तुम्हीच सांगा, आणि मग सांगा की मोडकं असूनही ते काय दाखवतं. माझं मॉडेल 30 टक्क्यांचा आकडा बरोबर देईल याची मी खात्री देणार नाही. पण खालचे 3 मिलिमीटर वरच्या 3 मिलिमीटरपेक्षा जास्त दिसतात, हे त्यातली जवळपास कुठलीही समजूत बदलली तरी टिकतं.

आता मुख्य मुद्दा. चांगल्या कारागिराबद्दल आपण म्हणतो, "त्याच्या हाताला गुण आहे." हातगुण हा छान शब्द आहे, पण संशोधनात तो जरा धोकादायक आहे.

माझ्या पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला चांदीचे नॅनोकण बनवायचे होते. पेपरमध्ये कृती चार ओळींची: बर्फात ठेवलेल्या सोडियम बोरोहायड्राइडच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब घाला, ढवळत राहा, पिवळं द्रावण मिळेल. माझं द्रावण पिवळं व्हायचं आणि बघता बघता राखाडी व्हायचं. म्हणजे कण एकमेकांना चिकटून गोळा होत होते. रसायनं बदलली, पाणी बदललं, काचसामान तीन-तीनदा धुतलं. अडीच महिने गेले. फेलोशिपची मुदत काही माझ्यासाठी थांबणार नव्हती. रोज संध्याकाळी ते राखाडी बीकर बघून वाटायचं की आपल्याला हे जमणारं नाही, आपल्या हाताला गुणच नाही. दोन मित्रांनी याच टप्प्यावर पीएचडी सोडली होती, मीही अर्ज मनातल्या मनात लिहून ठेवला होता.

मग शेजारच्या लॅबमधल्या एक सीनियर ताई आल्या. त्यांनी माझ्याच बाटल्यांमधून करून दाखवलं. सेकंदाला साधारण एक थेंब. शेवटचा थेंब पडला आणि त्यांनी स्टरर बंद केला. मी विचारलं, "ताई, बंद का केला?" त्या म्हणाल्या, "अरे, घालून झालं ना? मग बंदच करायचा. ढवळत राहिलास तर कण एकमेकांवर आपटून गोळा होतील की." पिवळं द्रावण तसंच पिवळं राहिलं. चार ओळींच्या कृतीत ‘ढवळत राहा’ होतं, ‘कधी थांबा’ नव्हतं. ताईंना ते सांगण्यासारखं वाटलंच नसतं, कारण त्यांच्या हाताला ती सवय होती. अगदी दादांच्या ‘मिड’सारखी.

हे काही फक्त माझ्याच बाबतीत घडलेलं नाही. हॅरी कॉलिन्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाचा 1974 चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. टीईए लेसर नावाचा एक लेसर वेगवेगळ्या प्रयोगशाळा कसा बनवायला शिकल्या, ते त्यानं पाहिलं. पेपर सगळ्यांना उपलब्ध होते. पण नुसत्या छापील माहितीवरून लेसर चालू करणारा त्याला एकही जण सापडला नाही. ज्यांनी आधी तो बनवला होता त्यांच्याशी प्रत्यक्ष संपर्क आलेल्यांनाच ते जमलं, आणि त्यातल्याही सगळ्यांना नाही. अशा न सांगितलेल्या ज्ञानाला मायकेल पोलानी यांनी ‘टॅसिट नॉलेज’ म्हटलं, आपण अव्यक्त ज्ञान म्हणू.

पण यावरून ‘काही गोष्टी शब्दांत येतच नाहीत’ असा सुस्कारा टाकून मोकळं होऊ नका. दादांचा हात उचलण्याचा वेग कदाचित शब्दांत येणार नाही. लिव्हर उघडी की बंद, हे मात्र नक्की येतं. ताईंच्या मनगटाची लय लिहिता येणार नाही, पण स्टरर कधी बंद करायचा ते एका ओळीत लिहिता येतं. हातगुण म्हणून आपण जे देवावर सोडतो त्यातला बराच भाग न लिहिलेली चलं असतात. मी अडीच महिने स्वतःच्या हाताला दोष देत होतो, दोष एका गाळलेल्या ओळीचा होता. या फरकानं माणसं संशोधनात राहतात किंवा जातात, म्हणून एवढं लांबण लावलं.

तर मेथड वाचताना असं करून बघा. पेन घ्या आणि ज्या शब्दाचा अर्थ दोन माणसं दोन तऱ्हांनी घेऊ शकतील त्याखाली रेघ मारा. हलक्या हातानं. व्यवस्थित धुऊन. रात्रभर. खोलीच्या तापमानाला, आणि खोली जळगावची मे महिन्यातली की महाबळेश्वरची जानेवारीतली? प्रत्येक रेघेपाशी समासात लिहा की तुम्ही स्वतः ती जागा कुठल्या सवयीनं भरताय. मग पुरवणी माहितीची फाइल उघडा, निम्मी उत्तरं तिथे मिळतील. उरलेली लेखकाला ईमेलनं विचारा. विचारायला लाजू नका. फोटोंच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवा: सलूनच्या जाहिरातीतला फेड हा कापल्यावर पाचव्या मिनिटाला, बाजूचा दिवा लावून, कधीकधी रंगाचा फवारा मारून काढलेला असतो. पेपरमधला ‘प्रातिनिधिक’ सूक्ष्मदर्शक फोटोही बहुधा त्या दिवसातला सगळ्यात देखणा असतो.

मी हे सलूनमध्येही सुरू केलं. मागच्या महिन्यात वहीच काढली आणि दादांना वाचून दाखवलं, "खाली झिरो, लिव्हर उघडी. एक नंबर, उलटा, कानाच्या वरच्या टोकापासून दोन बोटं वर संपवायचा. त्याच्या वर भोवऱ्यापर्यंत तीन, सुलटा. सीमारेषा मागे सरळ, खाली उतरवायची नाही."

दादांनी शांतपणे ऐकून घेतलं, कापड झटकलं आणि विचारलं, "दोन बोटं कुणाची? तुमची की माझी?"

त्यांची बोटं माझ्यापेक्षा बरीच जाड आहेत. वहीत आता ‘साडेतीन सेंटीमीटर’ असं लिहिलंय.